मराठी शुद्धलेखन तपासनीस आणि फाँट-परिवर्तक : प्रकल्पाचा कोड आता कुठे ठेवावा?

शब्दसाधक | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. आमच्या प्रकल्पाविषयी पूर्वी इथे लिहिले आहे, तरी नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक परिवर्तक आणि हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनासाठी मराठी शब्दांची व प्रत्ययनियमांची यादी, अशी दोन कामे आम्ही नऊ वर्षे करत आहोत. परवाना जीपीएल या मुक्त परवान्याची तिसरी आवृत्ती. कोड लिहिणारे नियमित असे चौघे आहेत आणि शब्द तपासून देणारे वीसेक. त्यांतले बहुतेक निवृत्त शिक्षक किंवा मुद्रितशोधक आहेत.

आजवर सगळे एका भाड्याच्या सर्व्हरवर होते. त्यावर आम्ही गिटी (गिट या साधनाने कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्यांसाठीचे सॉफ्टवेअर) बसवले होते आणि भाडे माझ्या क्रेडिट कार्डातून जात असे. मार्चमध्ये कार्डाची मुदत संपली. स्मरणपत्रे माझ्या जुन्या कचेरीच्या ई-मेल पत्त्यावर जात राहिली आणि तो पत्ता मी नोकरी सोडली त्याच दिवशी बंद झाला होता. सर्व्हर आधी थांबवला गेला, मग पुसला गेला. भाड्याने देणाऱ्यांनी कळवले नाही असे मला म्हणता येणार नाही.

कोड चौघांच्या संगणकांवर पूर्ण इतिहासासह होता, त्यामुळे तो तासाभरात पुन्हा उभा राहिला. गेल्या त्या इश्यूंच्या, म्हणजे कळवलेल्या चुका आणि त्यांवरच्या चर्चांच्या, नोंदी, एकूण सहाशे बारा. डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री नेमाने घेतला जात होता, पण तो त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या फोल्डरात पडत होता. हे लिहिताना आजही लाज वाटते.

या नोंदींना मी एवढे का रडतो आहे, ते एका उदाहरणावरून सांगतो. परिवर्तकाच्या कोडात एके ठिकाणी टीप आहे : ‘हा क्रम बदलू नये, पाहा इश्यू २३१.’ त्या इश्यूत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांचा वाद होता. गुरूंना बोलवायचे की स्वयंपाक्यांना, हे एका रफारावर ठरते. जुन्या फाँटांत रफार अक्षरानंतर टंकतात आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र निराळ्या कळीवर असतो. युनिकोडमध्ये हा अर्धा र नुक्त्याच्या ऱ पासून बनवावा, की र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशा तिघांतून, यावर चाळीसेक प्रतिसाद झाले आणि शेवटी कोणता नियम आधी चालवायचा ते ठरले. आज ती टीप कुठेच पोहोचत नाही. कारण कोणालाच नीट आठवत नाही आणि ती ओळ हलवायला कोणी धजावत नाही.

आता नवी जागा शोधायची आहे. स्वतःचा सर्व्हर पुन्हा नको, यावर चौघांचे एकमत आहे. विंडोजसाठी इन्स्टॉलर बनवावाच लागतो, कारण डीटीपीवाले विंडोजवरच बसतात. रेपो, म्हणजे कोडाचे भांडार, फुगून १.४ जीबीचा झाला आहे, कारण चाचणीसाठी लागणारी जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पाने कोणे एके काळी आम्ही त्यातच टाकली. आणि शब्द तपासून देणाऱ्या तपासनिसांना जमेल अशी सोय हवी. आपले अनुभव सांगावेत.

दगडफूल | सोमवार, रात्री १०:१५

यात विचार करण्याजोगे फारसे काही आहे असे मला वाटत नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवा. तुमच्या प्रकल्पात नव्याने येऊ शकेल अशा कोणत्याही मुलाचे किंवा मुलीचे खाते तिथे आधीपासून असणार. दुसरीकडे कुठेही ठेवलेत तर आधी खाते काढा, मग शोधा, मग बदल सुचवा अशी पायऱ्यांची रांग लागते आणि माणूस दुसऱ्या पायरीवरूनच परत फिरतो. मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर गिटहबवरच वाढले. आरोग्यसेतूचा अँड्रॉइडवरचा कोड सरकारने मे २०२० मध्ये खुला केला, तोही गिटहबवरच.

तुमच्या विंडोजच्या अडचणीचे उत्तरही तिथेच आहे. सार्वजनिक रेपोला गिटहब ॲक्शन्समध्ये लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्ही प्रकारची यंत्रे फुकट मिळतात. इन्स्टॉलर दर वेळी आपोआप तयार होईल. तपासनिसांनी फाइलवरच्या पेन्सिलीच्या चिन्हावर टिचकी मारून शब्द दुरुस्त केला की पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, आपोआप उभी राहते आणि त्यांना गिटचा ‘ग’ही शिकावा लागत नाही. एवढेच पाहा, की १०० एमबीपेक्षा मोठी एकेक फाइल तिथे स्वीकारत नाहीत.

जुना_खेळिया | मंगळवार, सकाळी ७:०५

दगडफूल, ‘सगळे तिथेच आहेत’ हा युक्तिवाद माझ्या हयातीत मी किमान तीन जागांसाठी ऐकला आहे, म्हणून थोडे लांबण लावतो.

१९९९ मध्ये सोर्सफोर्ज सुरू झाले तेव्हा मुक्तस्रोत म्हणजे सोर्सफोर्ज असेच समीकरण होते. कोडाचा इतिहास ठेवणारे सीव्हीएस, मेलिंग लिस्ट, उतरवून घेण्याची सोय, सगळे फुकट. पुढे उत्पन्न आटू लागले तेव्हा त्यांनी इन्स्टॉलरला जाहिरातींची सॉफ्टवेअरे जोडण्याची योजना काढली. चित्रे संपादित करणारे गिम्प २०१३ मध्ये तिथून बाहेर पडले, तर २०१५ मध्ये त्यांच्या सोडलेल्या खात्याचा ताबा घेऊन त्यांच्याच विंडोज इन्स्टॉलरला वेष्टण चढवले गेले. वापरणाऱ्याला वाटे की हे गिम्पवाल्यांनीच केले. २०१६ मध्ये मालकी बदलली आणि नव्या मालकांनी ती योजना बंद केली, पण गेलेली पत परत आली नाही.

गुगल कोड २००६ मध्ये आले. एवढी मोठी कंपनी, ती कुठे जाते, असे आम्ही म्हणत होतो. १२ मार्च २०१५ रोजी घोषणा झाली आणि २५ जानेवारी २०१६ रोजी दार बंद झाले. गिटोरियस २०१५ मध्येच गिटलॅबने विकत घेतले व मिटवले. मायक्रोसॉफ्टचे कोडप्लेक्स २०१७ च्या डिसेंबरात गेले. बिटबकेट मुळात मर्क्युरियल हे गिटसारखे दुसरे साधन वापरणाऱ्यांसाठी निघाले होते, त्यांनी २०२० च्या जुलैपासून मर्क्युरियलच काढून टाकले. घर राहिले, पण ज्यांच्यासाठी बांधले ते बाहेर.

आणि मुळात गिट जन्माला आले ते कशामुळे? लिनक्सचा गाभा बिटकीपर या मालकीच्या साधनावर ठेवला जात होता. २००५ मध्ये त्याची फुकट सोय काढून घेतली गेली, म्हणून लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्स यांनी एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतले. त्या वेळीही बिटकीपरला विरोध करणाऱ्यांना ‘उगीच तत्त्वाचा बाऊ’ असेच ऐकवले जात होते.

गिटहब वाईट आहे असे मी म्हणत नाही. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरना ते घ्यायचे ठरवले तेव्हा जे काही वाईट होईल असे मी छातीठोकपणे सांगत होतो, त्यातले बरेचसे झाले नाही, हेही मान्य करतो. खासगी रेपो उलट फुकट झाले. पण आज तिथे गर्दी आहे म्हणून उद्या तुमचे काम सुरक्षित राहील, हे काही त्यातून निघत नाही.

दगडफूल | मंगळवार, सकाळी ९:३०

इतिहास मान्य. पण त्याच इतिहासाकडे दुसऱ्या बाजूने पाहा. गुगल कोडने दहा महिन्यांची मुदत दिली आणि गिटहबवर नेण्याचे साधनही दिले. या सगळ्या जागा बंद झाल्या, तरी त्यांनी आधी सांगितले. एका रात्रीत सहाशे बारा नोंदी कोणी घालवल्या? आपल्या माणसाच्या आपल्या सर्व्हरने. शब्दसाधक, रागावू नका.

शब्दसाधक | मंगळवार, सकाळी ९:५२

रागावण्याचा अधिकार मी मार्चमध्येच गमावला आहे.

अनुजा_प | मंगळवार, दुपारी १:२०

मी नोकरीत गिटलॅबची देखभाल करते, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती समजावे.

गिटलॅबचा मोठा गुण हा, की त्याची सामुदायिक आवृत्ती एमआयटी परवान्याखाली आहे. म्हणजे आज त्यांच्या संकेतस्थळावर ठेवा, उद्या पटले नाही तर तेच सॉफ्टवेअर स्वतः बसवा आणि पूर्ण प्रकल्प, इश्यूंसह, एका निर्यात-फाइलीतून उचलून न्या. लिनक्सच्या जगातले ग्नोम आणि डेबियन हे प्रकल्प २०१८ मध्ये स्वतः बसवलेल्या गिटलॅबवर गेले, केडीई २०२० मध्ये. आपल्याकडे भाषेच्या कामात एक जुने नाव स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंगचे. त्यांचे फाँट आणि साधनेही गिटलॅबवर आहेत.

आता दोष. फुकट खात्याला चाचण्यांसाठी महिन्याला ४०० मिनिटे मिळतात. तुमचा विंडोज इन्स्टॉलर आणि शब्दयादीच्या चाचण्या मिळून ती तिसऱ्या आठवड्यात संपतील. लोकांनी फुकट यंत्रांवर आभासी चलन खणायला सुरुवात केल्यापासून नव्या खात्याला ओळखीच्या पडताळणीचाही फेरा पडतो. मुक्तस्रोत प्रकल्पांना अर्ज केल्यावर वरच्या श्रेणीच्या सोयी मिळतात, पण तो अर्ज नीट भरावा लागतो. आणि स्वतः बसवायचेच झाले तर ते अवजड आहे. जिथे तुमचे गिटी अर्ध्या जीबी मेमरीत निवांत बसत होते, तिथे याला आठ जीबी देऊनही तो कुरकुरतो.

बॅकअपच्या बाबतीत मात्र शब्दसाधकांनी स्वतःला फार कोसू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्याच एका अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा देऊन मुख्य डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या, त्यांतली एकही वेळेला कामाला आली नाही. वाचवले ते एका प्रतीने, आणि तीही कोणी तरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली होती. त्या सहा तासांतले इश्यू आणि प्रतिसाद गेले. गिटमधला कोड शाबूत राहिला. तुमच्याकडे जे झाले ते हुबेहूब हेच आहे. फरक इतकाच, की त्यांनी दुरुस्तीचे काम जगाला थेट प्रक्षेपणात दाखवले.

इसारकाठ | मंगळवार, रात्री ११:४५

म्युनिकहून लिहितो आहे. नियमित चौघांपैकी मी एक. घरातले भांडण चव्हाट्यावर आणतो असे वाटेल, पण शब्दसाधकांना माझे मत ठाऊक आहेच.

माझा आग्रह कोडबर्गचा आहे. बर्लिनमध्ये नोंदणी झालेली ती एक ना-नफा संस्था आहे, २०१८ मध्ये स्थापन झालेली. खर्च सभासदांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून चालतो. विकत घ्यायला तिचे समभागच नाहीत. फक्त मुक्त परवान्याचे प्रकल्प ठेवता येतात, आपला परवाना त्यात बसतो. त्यामागचे सॉफ्टवेअर म्हणजे फोर्जेयो. गिटीचे नाव आणि डोमेन एका नफ्यासाठीच्या कंपनीकडे गेल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये ते गिटीतून फुटून निघाले. त्यामुळे आपल्या तपासनिसांना पडदा जवळजवळ ओळखीचा वाटेल. कोणते बटण कुठे आहे हे पुन्हा शिकवण्यात जे महिने जातात, ते वाचतील. झिग या भाषेचा प्रकल्पही नोव्हेंबर २०२५ मध्ये गिटहब सोडून इथे आला.

उणिवा लपवत नाही. स्वयंसेवकांची संस्था आहे. जागा अधूनमधून मंदावते, हल्ले होतात, स्पॅमचा लोंढा येतो. चाचण्यांची सोय मर्यादित आहे, ती मागून घ्यावी लागते आणि विंडोजचे यंत्र तिथे मिळत नाही. १.४ जीबीचा रेपो घेऊन कोणाच्या वर्गणीवर चालणाऱ्या दारात जाणे मला प्रशस्त वाटत नाही. तो आधी सडपातळ करावा लागेल.

मुद्रितशोधक_सोलापूर | बुधवार, सकाळी ६:१०

मी शब्द तपासणाऱ्या वीसेकांपैकी एक. वय ६८. वरच्या चर्चेतले निम्मे शब्द मला कळले नाहीत, पण जे कळले त्यावर दोन गोष्टी सांगतो.

मी काय करतो, ते पाहा. ‘विहीर’ शब्दाला प्रत्यय लागला की ‘विहिरीत’ होते, दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व होते. ‘पाऊस’चे ‘पावसात’ होते. यंत्राला हे नियम शिकवले तरी ते ‘पाऊसात’ला बरोबर ठरवते किंवा ‘परीक्षेत’मधली ‘री’ही ऱ्हस्व मागते. अशी चुकलेली शे-दीडशे रूपे मी दर आठवड्याला वहीत लिहितो, मग तक्त्यात टंकतो आणि आमच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. तिथून कोणी तरी ती उचलून तुमच्या इश्यूंत नोंदवत असे. म्हणजे माझी नऊ वर्षांतली सहा वर्षांची मेहनत त्या गेलेल्या सहाशे बारांत होती, हे मला या धाग्यावरच कळले.

दुसरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका संकेतस्थळाने मोबाइलवरचा सहा अंकी आकडा सक्तीचा केला. माझा फोन पंढरपूरच्या बसमध्ये गेला. परत मिळवण्याचे संकेतांक जपून ठेवा असे त्यांनी सांगितले होते, मी ते जपून त्याच फोनमध्ये ठेवले होते. खाते अजून बंद आहे. तेव्हा आमच्यासाठी जागा निवडताना दार किती भक्कम आहे याबरोबर किल्ली हरवली तर काय, हेही पाहावे.

अनुजा_प | बुधवार, सकाळी १०:००

काका, तुमची वही तरी आहे ना जागेवर?

मुद्रितशोधक_सोलापूर | बुधवार, सकाळी १०:२५

आहे. चौदा वह्या आहेत. संगणकाला जे जमले नाही ते सुंदर बुक डेपोच्या दोनशेपानीला जमले म्हणा. अर्थात तो डेपोही आता उरला नाही.

कुलूपकिल्ली | बुधवार, सायंकाळी ५:३०

काकांनी जो प्रश्न विचारला तो खरा प्रश्न आहे, आणि गिटहब की गिटलॅब की कोडबर्ग हा त्यानंतरचा. गिटहबने कोड देणाऱ्या सर्वांना २०२३ अखेरपर्यंत दुहेरी पडताळणी सक्तीची केली, आणि मला ती योग्य वाटते. एका चोरलेल्या पासवर्डातून हजारो संगणकांत घाण शिरू शकते. पण शब्द सुचवणाऱ्या माणसाला रेपोत लिहिण्याचा अधिकार लागतच नाही. त्याला एक साधा फॉर्म द्या, खात्याशिवाय भरता येईल असा, आणि त्यातून आठवड्याची एक फाइल रेपोत जमा होऊ द्या. लिहिण्याचा अधिकार तुम्हा चौघांकडे, दुहेरी पडताळणीसह.

जागा कोणतीही निवडा, पण प्रकल्प कोणा एकाच्या नावावर काढू नका. संस्थेचे खाते काढा आणि त्याला तीन मालक ठेवा, तिघे वेगवेगळ्या गावचे. संकेतांक कागदावर छापून तिघांच्या कपाटांत. मग डोमेन. तुमच्या परिवर्तकाच्या मदतीच्या पानावर, सॉफ्टवेअरच्या पाकिटात, लोकांच्या ब्लॉगांवर जो पत्ता छापला जातो तो गिटहबचा किंवा कोडबर्गचा नसावा, तुमचा असावा, आणि तो जिथे कोड असेल तिकडे वळवावा. डोमेनचे भाडे एकदम काही वर्षांचे भरता येते आणि ते कार्डाच्या मुदतीवर सोडू नये, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आरसा, म्हणजे दुसऱ्या जागी आपोआप पडणारी प्रत, मात्र हवाच, रोजचा. एका देशातल्या एका आदेशाने काय होते ते आपण पाहिले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तपासातून आणि मुंबईतल्या न्यायालयाच्या आदेशातून दूरसंचार विभागाने ३२ संकेतस्थळे बंद केली. त्यांत गिटहब होते, इंटरनेट आर्काइव्ह होते, व्हिमिओ होते. नववर्षाच्या सकाळी कित्येकांना कामावर कोड ओढता येईना. काही दिवसांनी त्यातली बरीच सुरू झाली. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांपायी इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांची गिटहब खाती आखडली गेली, त्यांनी तर काहीच केले नव्हते.

दगडफूल | बुधवार, रात्री ८:४०

दोन्ही जागा का नकोत मग? मुख्य घर कोडबर्गवर असू द्या, मी हट्ट सोडतो. फोर्जेयोत बदल झाला की तो दुसरीकडे ढकलणारा आरसा अंगभूत आहे. तो गिटहबकडे लावा. तिथे इश्यू बंद ठेवा आणि वर्णनात लिहा की चर्चा कुठे होते. विंडोजचा इन्स्टॉलर तिथल्या यंत्रांवर बनेल, नव्या मुलांना शोधात प्रकल्प सापडेल आणि घर जळले तरी कोडाची ताजी प्रत राहील.

जुना_खेळिया | बुधवार, रात्री ९:१५

कोडाची प्रत राहील. इश्यूंची नाही. इथे सगळे पुन्हा त्याच खड्ड्याकडे चालले आहेत, म्हणून ओरडून सांगतो. आरशातून जाते ते फक्त गिटमधले. चर्चा, लेबले, कोणी कशाला का नकार दिला, हे सगळे सेवेच्या डेटाबेसात असते आणि तो तुमचा नसतो. फोर्जेयो, गिटलॅब, गिटहब या तिघांनाही बाहेरून विचारून इश्यू उतरवून घेण्याची सोय आहे. पंधरा ओळींची एक स्क्रिप्ट लिहा, ती रोज रात्री सगळे इश्यू साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवेल आणि एका वेगळ्या रेपोत कमिट (कायमची नोंद) करेल. मग तो रेपोही आरशातून जाईल आणि प्रत्येकाच्या संगणकावर त्याची प्रत पडेल.

आणि कोडातल्या टिपांत इश्यूचा नुसता क्रमांक लिहिणे आजपासून थांबवा. कारण दोन ओळींत तिथेच लिहा.

शब्दसाधक | शनिवार, सकाळी ११:००

दोन दिवस बसून चाचणी घेतली, ती मांडतो.

स्कॅन केलेली पाने रेपोतून काढली. नुसती पुसून चालत नाही, कारण ती इतिहासात राहतातच, म्हणून फिल्टर-रेपो हे साधन वापरून संपूर्ण इतिहास नव्याने लिहून घेतला. १.४ जीबीचा रेपो ३८ एमबीवर आला. याची किंमत अशी, की प्रत्येक कमिटची ओळख बदलली आणि जुन्या ई-मेलांत जिथे जिथे कमिटचा क्रमांक दिला आहे तो आता लागू पडत नाही. म्हणून जुना रेपो जसाच्या तसा एका बंडल-फाइलीत बांधून ठेवला आहे, त्याच्या प्रती चौघांकडे. प्रताधिकार संपलेल्या पुस्तकांची पाने इंटरनेट आर्काइव्हवर चढवतो आहे. कुलूपकिल्ली, २०१४ च्या यादीत तेही होते हे आपण लिहिलेत, म्हणून एक प्रत इसारकाठ यांच्या घरच्या डिस्कवरही जाईल.

कोडबर्गवर संस्थेचे खाते काढले, मालक तिघे : नाशिक, बंगळूर आणि म्युनिक. मी मुद्दामच त्यात नाही. गिटहबकडे जाणारा आरसा सुरू झाला आणि पहिला इन्स्टॉलर तिथे अकरा मिनिटांत तयार झाला. अनुजा, गिटलॅबची निर्यात-फाइल मला फार आवडली होती, पण ४०० मिनिटांच्या हिशेबात आम्ही बसत नव्हतो आणि अर्जाच्या नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवणारा माणूस आमच्यात कोण, हे या धाग्याच्या दुसऱ्या परिच्छेदावरून आपल्याला कळले असेलच.

काकांसाठी फॉर्म केला आहे. चुकीचे रूप, बरोबर रूप आणि एक वाक्य, असे तीनच रकाने आहेत आणि लॉगिन लागत नाही.

मुद्रितशोधक_सोलापूर | शनिवार, दुपारी १२:१५

फॉर्म पाहिला. ‘बरोबर रूप’च्या खाली ‘उदाहरणार्थ’ हा शब्द ‘उदाहणार्थ’ असा पडला आहे.

शब्दसाधक | शनिवार, दुपारी १२:२०

दुरुस्त केला. ही त्या फॉर्मवरची पहिली नोंद समजावी.

अनुजा_प | शनिवार, दुपारी ३:४५

एक गोष्ट आज सुचली आणि आधी का सुचली नाही याचे नवल वाटते. तुमचे गिटी प्रत्येक प्रतिसादाची ई-मेल पाठवत होते का? मी २०१९ मध्ये कधी तरी तुमच्या रेपोवर ‘लक्ष ठेवा’ची खूण केली होती आणि नंतर त्या मेला कंटाळून एका वेगळ्या फोल्डरात जाव्यात अशी सोय करून ठेवली होती. आता उघडून पाहिले. १,१८७ मेला आहेत. प्रत्येकीच्या विषयात इश्यूचा क्रमांक आहे.

जुना_खेळिया | शनिवार, दुपारी ४:१०

माझ्याकडे त्याआधीच्या दोन वर्षांच्या असाव्यात. मी मेल कधी पुसत नाही, यावरून घरात बोलणी खातो.

शब्दसाधक | शनिवार, दुपारी ४:३२

अनुजा, २३१ आहे का?

अनुजा_प | शनिवार, सायंकाळी ५:०५

आहे. त्रेचाळीस मेला. पूर्ण धागा मजकुराच्या फाइलीत लावून दिला आहे, कोडबर्गवर पुल रिक्वेस्ट पाहा. इश्यू म्हणून पुन्हा चढवला असता तर नवा क्रमांक १ मिळाला असता, म्हणून रेपोतच ‘जुन्या-नोंदी’ नावाचा फोल्डर करून त्यात २३१ अशी फाइल ठेवली आहे. कोडातली टीप तिकडे वळवली आहे. क्रमाचे कारण सतराव्या मेलीत आहे : रफार आधी हलवला तर त्याच्या मागचा चंद्रकोरी र परिवर्तकाला पुन्हा रफारच वाटतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो.

इसारकाठ | शनिवार, सायंकाळी ५:५०

मर्ज केले, म्हणजे बदल मुख्य कोडात घेतला. सतरावी मेल माझीच होती, हे मी साफ विसरलो होतो.